दारावर आलेल्या बाया

नूतनला शिकायची हौस आहे, हे तिच्या घरात कोणी नाकारत नाही. तक्रार आहे ती पुढची. बाई जे शिकते ते लगेच कोणावर तरी वापरून बघते. शिवणाचा वर्ग केला तेव्हा धडधाकट चादरींच्या उशांच्या खोळी झाल्या. प्रथमोपचाराचं शिबिर केलं तेव्हा सासऱ्यांचा मुरगळलेला अंगठा तिनं असा काही बांधला, की ती पट्टी सोडवायला दवाखान्यातून कंपाउंडर बोलवावा लागला. मनानं वाईट नाही ती. फक्त हात शिवशिवतात.

चाळिशीला टेकल्यावर तिनं विद्यापीठाच्या समुपदेशनाच्या एम.ए.ला नाव घातलं. नवरा शहाद्याच्या हायस्कुलात शिक्षक, मुलगी शिकायला नाशिकला, घर दुपारभर रिकामं. शनिवारी-रविवारी नंदुरबारला वर्ग भरायचे. शहाद्याच्या स्टँडवरून ती सकाळची एसटी धरायची; मांडीवर डबा आणि डब्यावर पुस्तक. गल्लीतल्या बायकांना 'समुपदेशन' हा शब्द काही केल्या वळेना. "म्हंजे येडासना डॉक्टर का वं?" असं कोणी विचारलं की पहिले काही महिने नूतन नीट समजावून सांगायची. पुढे पुढे नुसतंच 'हो' म्हणायला लागली.

या सगळ्या उद्योगात तिच्या पाठीशी कोणी असेल तर तो ललित, तिचा धाकटा भाऊ. प्रकाशा गावाच्या अलीकडे तापीकाठी तिचं माहेर. तिथली केळी आणि ऊस तोच बघायचा. प्रवेशाच्या दिवशी त्यानंच तिला मोटारसायकलवरून नंदुरबारला नेलं आणि रस्ताभर चिडवलं. "ताई, घरमा पहिला येडा मीच शे. मन्हापाशीन सुरू कर, म्हंजे हात बसी जाई तुन्हा." त्याची बायको रंजिता त्याहून वरचढ. नूतन माहेरी गेली की ती दारातूनच हाक द्यायची, "उनी का वं ताई? चाल, पहिले मन्हं डोकं तपाश, मंग चहा दिसू." नणंद-भावजय म्हणून त्यांचं कधी वाजलं नाही. गावात याचं नवल करायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर लगेच नूतनची परीक्षा होती. भाऊबीजेला ती गेली नाही. फोनवर ललितला म्हणाली, "परीक्षा झाली की येते. भाऊबीज काय पळून चालली का?" तो हसला. परीक्षा झाली, मग प्रात्यक्षिक आलं, मग नवऱ्याला ताप आला, मग आणखी काहीतरी. मार्गशीर्षात एका संध्याकाळी ललित कारखान्याकडून परतत होता. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, मागे ना दिवा ना फडकं. त्यानं ती पाहिलीच नाही.

आता दारावर जाणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडे माणूस गेलं की तेराव्यापर्यंत गावोगावच्या नातलग बाया त्या घरी येतात. जीप करून येतात, टेम्पोत उभ्या राहून येतात. गल्लीच्या कोपऱ्यावर उतरल्या की डोक्यावरचा पदर तोंडावर ओढतात आणि तिथूनच रडण्याचा हेल काढतात. आवाज ऐकला की घरातल्या बाया उठून दारात येतात आणि आतून उत्तर जातं. मग गळ्यात गळा घालून रडणं. ते नुसतं रडणं नसतं, त्यात बोलणं असतं. गेलेल्याला हाक मारून त्याचं सगळं बोलून दाखवायचं. तो काय खायचा, कोणावर रागवायचा, कोणी त्याचं केलं, कोणी केलं नाही. रडताना बोललेल्या शब्दाचा राग धरायचा नाही, असा रिवाज आहे. मग कोणीतरी तांब्याभर पाणी देतं, तोंड धुतात, चहा होतो, आणि त्याच बाया पाऊसपाण्याचं बोलायला लागतात. तासाभरानं कोपऱ्यावर दुसरी जीप थांबते, की पुन्हा पहिल्यापासून.

या कामात नूतनची मोठी माय, म्हणजे तिच्या चुलत्याची बायको कौसाबाई, पंचक्रोशीत पहिली. ती रडायला लागली की गेलेला माणूस ओट्यावर येऊन बसल्यासारखा वाटायचा. लग्नाकार्यात तिला कोणी विशेष विचारत नसे. पण मयत झाली की तिच्या घरी पहिला निरोप जायचा, आणि ती चुलीवरची भाकर तशीच टाकून निघायची.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळपासून दोंडाईचाकडच्या, शिरपूरकडच्या बाया येऊन गेल्या होत्या. रंजितानं दोन दिवस पोटात काही घेतलं नव्हतं. दर वेळी ती उठायची, रडायची, बसायची. दुपारी कौसाबाईनं तिला मिठीत घेतलं आणि हेल काढला. "पाटवर बठी ऱ्हायना रे मन्हा ललित... भाऊबीजले पाटवर बठी ऱ्हायना... बहीणनी वाट दखी दखी दिवा इझी गया रे... ओवाळाले कोनी उनं नही..." रंजिता एकदम मटकन खाली बसली आणि तिचे डोळे फिरले.

नूतन पुढे झाली. तिनं रंजिताच्या तोंडावर पाणी मारलं, तिला उचलून आतल्या खोलीत नेलं, साखरपाणी पाजलं. इथवर सगळं बरोबर होतं, कोणीही हेच केलं असतं. पण नूतन तिथं थांबली नाही. ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. कोपऱ्यावर नुकतीच एक जीप थांबली होती. बायांनी पदर ओढले होते. नूतननं हात वर केला आणि वर्गात बोलतात तसल्या मराठीत म्हणाली, "इथे रडायचं नाही. शांत बसायचं असेल तर बसा. पेशंटला त्रास होतो."

स्वतःच्या भावजयीला ती पेशंट म्हणाली. बायांना काय करावं ते कळेना. अर्धा काढलेला सूर तसाच गळ्यात ठेवून त्या ओट्यावर टेकल्या, चहा प्यायल्या आणि एकमेकींकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसल्या. कौसाबाई अंगणात उभी होती. ती पदर कमरेला खोचून आपल्या घराकडे चालू लागली.

तेराव्यापर्यंत नूतननं ते दार सांभाळलं. सकाळी शहाद्याहून यायची, संध्याकाळी जायची. ती असली की दारात कोणी आवाज काढत नसे, आणि चार दिवसांनी तर ती नसली तरी काढत नसे. येणाऱ्या बायाच कमी झाल्या. पुरुषमंडळींनी तिचं फार कौतुक केलं. गावातले निवृत्त हेडमास्तर म्हणाले, शिक्षणाचा उपयोग हा असा व्हायला हवा. नवरा म्हणाला, बरं केलंस. जानेवारीत वर्ग सुरू झाले तेव्हा तिनं हे सगळं वर्गात उभं राहून सांगितलं. दुःखात असलेल्या माणसाला गर्दीपासून कसं जपावं, याचं उदाहरण म्हणून सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिकवणाऱ्या मोहिनी मॅडमनी टाळ्या संपू दिल्या आणि एवढंच विचारलं, "आता कशी आहे ती?"

"बरी आहे," नूतन म्हणाली. "स्वतःच म्हणते बरी आहे म्हणून."

हे खोटं नव्हतं. रंजिता तसंच म्हणायची. घर झाडून लख्ख असायचं, लहानग्या पोरीची वेणी घातलेली असायची, केळीच्या व्यापाऱ्याशी ती स्वतः बोलायची. नूतन गेली की उठून उभी राहायची. "या ताई. बसा. चहा ठेवते." नूतनला पहिल्यांदा ते ऐकून बरं वाटलं, भावजय सावरली म्हणून. मग तिसऱ्या-चौथ्या वेळी तिच्या लक्षात आलं. रंजिता तिच्याशी पुस्तकातलं बोलत होती. तलाठी आला की बोलतात तसं, बँकेतल्या साहेबाशी बोलतात तसं. 'उनी का वं ताई' गेलं होतं. डोकं तपासायची थट्टा गेली होती. सासूशी, पोरीशी, गड्यांशी ती पूर्वीसारखीच अहिराणीत बोलायची. नूतन ओट्यावर चढली की तिची भाषा बदलायची. आणि दार लागलं त्या दुपारपासून ती कोणासमोर एकदाही रडली नव्हती. ललितचं नाव निघालं की उठून काहीतरी कामाला लागायची.

नूतनच्या मनात हे खुपायला लागलं. पण खुपलं तरी तिच्याकडे पुस्तकातली नावं तयार होती. दुःखाच्या अमुक पायऱ्या असतात, प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, आपण वाट पाहायची असते. या नावांनी तिचं आणखी महिना-दीड महिना भागलं.

मार्चमध्ये वर्गात जोड्या पाडून सराव होता. एकीनं समुपदेशक व्हायचं, दुसरीनं आपलीच एखादी खरी गोष्ट घेऊन समोर बसायचं. नूतनच्या वाट्याला नवापूरकडची एक तरुण परिचारिका आली. पोरगी साधी, कमी बोलणारी. नूतननं तीच दाराची गोष्ट सांगायला घेतली, कारण ती तिला पाठ झाली होती. परिचारिकेनं ऐकून घेतलं. मग सरावाच्या नियमाप्रमाणे विचारलं, "तुम्ही दार लावायच्या अगदी आधी काय झालं?"

"ती चक्कर येऊन पडली."

"त्याच्या आधी?"

"मोठी माय रडत होती."

"काय म्हणत होत्या त्या?"

नूतननं तोंड उघडलं आणि मिटलं. तीन महिने ही गोष्ट ती सांगत होती आणि दर वेळी 'बाया रडत होत्या' एवढ्यावर पुढे जात होती. काय म्हणून रडत होत्या ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. पाट. दिवा. ओवाळायला कोणी आलं नाही. तिला त्या दुपारी स्वतःच्या कानांत झालेली आग आठवली. अंगणातल्या सगळ्या बायांनी ते ऐकलं होतं आणि पुढच्या जीपमधल्याही ऐकणार होत्या. रंजिता पडली नसती तरी तिनं ते दार लावलं असतं. रंजिता पडली हे तिच्या पथ्यावर पडलं होतं.

परिचारिका घाबरली, तिला वाटलं आपलं काही चुकलं. नूतननं तिच्या हातावर थोपटलं आणि 'तुझं बरोबर आहे' म्हणाली. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. इतकी शरम तिला आयुष्यात वाटली नव्हती. भावाचं मरण तिनं स्वतःची लाज झाकायला वापरलं होतं आणि वर त्यावर टाळ्या घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. रंजिता परसात मिरच्या वाळत घालत होती. नूतन तिच्यासमोर खाली बसली आणि जे होतं ते सगळं सांगितलं. भाऊबीज, मोठ्या मायचे शब्द, दार. शेवटी म्हणाली, "मन्हं चुकनं, रंजिता. माले माफ कर."

रंजितानं मिरच्या पसरणं थांबवलं नाही. "काही नाही हो ताई. तुम्ही चांगल्यासाठीच केलं. चहा घेणार का?"

नूतन समुपदेशन शिकत होती. मनापासून मागितलेली माफी समोरच्याच्या अंगावरून ओघळून कशी जाते, हे तिला कोणत्याही तासाला शिकवलं नव्हतं. तिनं चहा घेतला.

आई, कमलबाई, मागच्या ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. रंजिता आत गेल्यावर तिनं लेकीला जवळ बोलावलं. "माफी लिसन काय करी ती? तिले माफी नको, बाया पायजेत. मी म्हतारी, मी केळीमा जाईसन रडी लिधं. कोनी दखं नही. ती जवान रांडमुंड, ती कोठे जाई? बाया दारवर उन्यात तवय तू दार लाई लिधं. आते कोन येस तेराव्यानंतर?"

"मग आता काहीच नाही का गं?" नूतनचा आवाज बारीक झाला.

"अखाजी शे," आई म्हणाली. "पन येवाव्यात का त्या? तू त्यासले वाटे लाई दिधं व्हतं."

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या भागातला मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आमरस असतो, सांजोऱ्या असतात. पण ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं, तिथं त्या दिवशी त्याच्या नावानं घागर भरतात, आणि जवळच्या बाया पुन्हा एकदा दारावर येतात. ती शेवटची खेप. त्यानंतर त्या माणसासाठी कोणी कोपऱ्यावरून हेल काढत नाही. काढला तर लोक वेडं म्हणतील. रंजिताला रडायला मिळालं तर त्या दिवशी, नाहीतर मग ते तिच्यातच राहणार होतं. आणि हे पाप कोणाचं, याबद्दल नूतनला आता शंका नव्हती.

ती आधी कौसाबाईकडे गेली. कौसाबाई सूप घेऊन दादर ज्वारी पाखडत होती. तिनं वर पाहिलं आणि पाखडणं चालू ठेवलं.

"मोठी माय, अखाजीले येशी ना?"

"आम्हनं काय काम तठे? आम्ही अडाणी बाया. आम्हनं रडनं तुम्हले गोंगाट वाटस." सुपाचा आवाज वाढला. "साठ वरीसनी व्हयनू मी. माले कोनी दारवरथीन हाकललं नव्हतं. तू हाकललं. तेबी मन्हा ललितना दारवरथीन. मन्हा मांडीवर खेळेल पोऱ्या तो."

नूतनला समजावून सांगायचा मोह झाला. तब्येत, अशक्तपणा, डॉक्टर. शब्द ओठांवर आले होते. तिनं ते गिळले. "रंजितासाठे नही लावं मी दार," ती म्हणाली. "तू भाऊबीजनं नाव काढं म्हनीसन लावं. माले ते ऐकावलं नही."

सूप थांबलं. कौसाबाईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिचा राग गेला नव्हता, पण त्याला आता दुसरं काहीतरी येऊन चिकटलं होतं. "येडी," ती म्हणाली. "ते मी तुले नही बोलनू. त्याले बोलनू. रडताना त्याले सगळं सांगनं पडस. सांगं नही तं तो जाई कसा?"

नूतन उभी राहिली. कौसाबाईनं पुन्हा सूप उचललं. "येसू का नही ते सांगत नही. जाय आते."

बाकीच्या बायांकडेही ती गेली. दोंडाईचाकडे मावसबहिणीकडे, शिरपूरकडे रंजिताच्या काकूकडे, आणखी दोन-तीन ठिकाणी. शनिवारचे वर्ग बुडवून गेली. प्रत्येक घरी तेच सांगावं लागलं, आणि सांगून सांगून ते सोपं होईल असं तिला वाटलं होतं, ते काही झालं नाही. एकीनं चहा दिला, एकीनं नुसतं पाणी. रंजिताची काकू तर हसली. "आत्ते रडाले परवानगी शे का?" नूतननं मान खाली घालून ते ऐकून घेतलं. येते असं कोणीच म्हणालं नाही.

अखाजीच्या दिवशी ती सकाळीच माहेरी पोचली. घरात घागर मांडली होती, वर खरबूज, पुढे सांजोऱ्या आणि आमरसाची वाटी. ललितला रस फार आवडायचा. रंजिता घागरीशेजारी भिंतीला टेकून बसली होती, ताठ, गुडघ्यांवर हात ठेवून. "या ताई," ती म्हणाली. "बसा."

बाहेर गल्लीच्या टोकाला निंबाच्या झाडाला झोका बांधला होता आणि माहेरवाशिणी पोरी अखाजीची गाणी म्हणत होत्या. त्यांचा आवाज घरात येत होता. नूतन दाराजवळ बसली, कोपरा दिसेल अशी. दहा वाजले, अकरा वाजले. शेजारच्या एक-दोघी येऊन घागरीला हात जोडून गेल्या, मुक्यानं. आई माजघरात उगाच भांडी इकडची तिकडे करत होती. रंजितानं एकदाही दाराकडे पाहिलं नाही. तिला कोणी येईल असं वाटतच नव्हतं, हे नूतनला दिसत होतं, आणि ते बघणं तिला सोसत नव्हतं. उन्हं चढली तशी झोक्यावरच्या पोरीही जेवायला पांगल्या.

मग कोपऱ्यावर टेम्पो थांबल्याचा आवाज आला.

मागच्या फळीवरून बाया उतरल्या. दोंडाईचाची मावसबहीण होती, शिरपूरची काकू होती, आणखी होत्या. त्या तिथंच घोटाळल्या, पदर हातात धरून. सूर काढावा की नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. त्या दाराकडे पाहत होत्या, आणि दारात नूतन होती.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून कौसाबाई आली. ती कोणाकडे बघायला थांबली नाही. चालता चालताच तिनं पदर तोंडावर ओढला आणि हेल काढला. "ललित रे... मन्हा सोना रे... आमरस ताटमा वाढेल शे रे, कोन खाई..." तिच्यामागून बाकीच्यांचे सूर लागले आणि सगळा घोळका घराकडे यायला लागला.

नूतन झटकन उठली आणि दारातून बाजूला होऊन भिंतीला चिकटली. तिनं रंजिताकडे पाहिलं. रंजिता तशीच बसली होती. हात गुडघ्यांवरच होते, फक्त बोटं लुगड्यात रुतली होती. बाया ओट्यापर्यंत आल्या. आतून उत्तर जायला हवं होतं, ते जात नव्हतं. आईनं माजघरातून हाक मारली, "ऊठ वं माय. बाया उन्यात."

रंजिता उठली. भिंतीला धरून उठली, दारापर्यंत गेली आणि कौसाबाईच्या गळ्यात पडली. सुरुवातीला तिच्या घशातून नुसता खरखरीत आवाज निघाला, शब्द नव्हतेच. कौसाबाई तिची पाठ चोळत राहिली. मग शब्द आले.

"बाया उन्यात व्हत्यात रे... तुन्हासाठे बाया उन्यात व्हत्यात... तुन्ही बहीणनी दार लाई लिधं रे... माले पानी पाजीसन निजाडी दिधं... पेशंट म्हनी माले, पेशंट... तू गया नि माले रडूबी दिधं नही रे... तुन्ही शिकेल बहीणनी... तिना पाया पडू का तिले शिव्या दिऊ, तूच सांग रे..."

सगळ्या ऐकत होत्या. टेम्पोचा ड्रायव्हर ऐकत होता, शेजारचे ओटे ऐकत होते. नूतनचे कान पेटले होते, अगदी त्या दुपारसारखे. पाठीमागे दाराची फळी होती, तिच्या हाताला लागत होती. तिनं हात काढून घेतला. आई माजघराच्या उंबऱ्यात येऊन उभी होती आणि लेकीकडे पाहत होती. नूतननं एक शब्दही कानाआड जाऊ दिला नाही. आपल्याबद्दल आणखी काय येतंय त्याची ती वाट पाहत राहिली, आणि ते आलं. भाऊबीज आली, पाट आला, परीक्षा आली. रंजितानं काही सोडलं नाही.

कौसाबाईनं पदराआडून एक हात बाहेर काढला. चाचपडत नूतनचं मनगट धरलं आणि बैलाला ओढावं तसं ओढून तिला त्या घोळक्यात घातलं. नूतनचं कपाळ रंजिताच्या खांद्यावर आदळलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडून भावाचं नाव मोठ्यानं बाहेर पडलं, आणि मग ते थांबवायला तिला कोणतीच विद्या आठवली नाही. रंजितानं आपली तक्रार मध्ये थांबवली नाही. ती तशीच, तितक्याच मोठ्यानं ललितला नूतनची सगळी गाऱ्हाणी सांगत राहिली, आणि एक हात तिनं नूतनच्या मानेमागे घट्ट धरून ठेवला होता.